शब्दशंका : ‘सब्स्टन्स’ची व्युत्पत्ती कोणाच्या नावावर लिहावी?

प्रश्न : मी तत्त्वज्ञानाची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. आमच्या पाठ्यपुस्तकात ‘सब्स्टन्स’ या संज्ञेची व्युत्पत्ती लॅटिन ‘सुब’ म्हणजे खाली आणि ‘स्तारे’ म्हणजे उभे राहणे अशी दिली आहे. त्यावरून, गुणांच्या खाली उभे राहून त्यांना आधार देते ते ‘सब्स्टन्स’, असा अर्थ काढून ही कल्पना ॲरिस्टॉटलची असल्याचे पुढे म्हटले आहे. परंतु ॲरिस्टॉटलने ग्रीकमध्ये लिहिले, त्याचा शब्द ‘ऊसिया’ आहे आणि तो ‘असणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे, असे दुसऱ्या एका ग्रंथात वाचले. मग हे ‘खाली उभे राहणे’ मधेच कुठून आले? दोहोंपैकी कोणती व्युत्पत्ती खरी मानावी, आणि मराठीत या संज्ञेला ‘द्रव्य’ म्हणावे की आणखी काही?

उत्तर : दोन्ही व्युत्पत्ती खऱ्या आहेत, मात्र त्या दोन निरनिराळ्या शब्दांच्या आहेत. पाठ्यपुस्तकाने लॅटिन शब्दाची व्युत्पत्ती घेऊन ती ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर जमा केली आहे. ही गफलत एकट्या त्या पुस्तकाची नाही. ती इतकी जुनी आहे की पुढच्या तत्त्वज्ञानाला तिने प्रत्यक्ष वळण दिले, आणि म्हणूनच तिची हकीकत जरा विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते.

‘एइनाइ’ म्हणजे ‘असणे’. या ग्रीक क्रियापदाचे स्त्रीलिंगी धातुसाधित ‘ऊसा’, म्हणजे ‘असणारी’. त्याला भाववाचक प्रत्यय लागून ‘ऊसिया’ हे नाम झाले. संस्कृतचा परिचय असलेल्या वाचकाला ही घडण चटकन ओळखू येईल, कारण आपल्याकडेही ‘अस्’ धातूपासून ‘सत्’, त्याचे स्त्रीलिंग ‘सती’, आणि ‘सत्’ला ‘ता’ प्रत्यय लागून ‘सत्ता’ असे शब्द झाले आहेत. ‘ऊसा’ आणि ‘सती’ या दोन रूपांचे मूळ तर एकच इंडो-युरोपीय धातुसाधित आहे. तेव्हा व्याकरणाच्या दृष्टीने ‘ऊसिया’ म्हणजे ‘असणारेपण’. या संपूर्ण घडणीत ‘खाली’ हा अर्थ कुठेही नाही, आणि ‘उभे राहणे’ हाही नाही.

तत्त्वज्ञांनी हाती घेण्यापूर्वी हा शब्द रोजच्या व्यवहारातला होता आणि तिथे त्याचा अर्थ ‘मालमत्ता’ असा होता. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या आरंभी वृद्ध केफालस आणि सॉक्रेटिस यांच्यात पैशाअडक्याविषयी जे बोलणे होते, त्यात ‘ऊसिया’ याच अर्थाने येतो. आणि त्याच प्लेटोच्या ‘युथायफ्रो’मध्ये, पावित्र्याचे एखादे लक्षण नको, त्याचे खरे स्वरूप काय ते सांग, अशी मागणी करताना सॉक्रेटिस पुन्हा हाच शब्द वापरतो.

ॲरिस्टॉटलने ‘कॅटेगरीज’ या छोट्या ग्रंथाच्या पाचव्या प्रकरणात त्याला नेमकेपणा दिला. जे दुसऱ्या कशाविषयी विधेय म्हणून सांगितले जात नाही आणि दुसऱ्या कशाच्या ठायी राहतही नाही, ते मुख्य अर्थाने ‘ऊसिया’. उदाहरणार्थ, हा अमुक एक माणूस किंवा हा अमुक एक घोडा. गोरेपणा माणसाच्या ठायी असतो, माणूस मात्र आणखी कशाच्या ठायी नसतो. आधाराची कल्पना येथे आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्या कल्पनेसाठी ॲरिस्टॉटलकडे वेगळा शब्द होता, तो म्हणजे ‘हुपोकेइमेनोन’, शब्दशः ‘खाली पडून असलेले’. (त्यातील ‘केइताइ’ हे क्रियारूप आणि आपले संस्कृत ‘शेते’ ही सख्खी भावंडे आहेत.) पुढे ‘मेटाफिजिक्स’च्या सातव्या भागात त्याने स्वतःच प्रश्न उपस्थित केला की, ऊसिया म्हणजे केवळ हे खाली पडून असलेले, असे म्हणून भागेल का? वस्तूचे एकेक गुण, मग तिची लांबी, रुंदी आणि खोली, असे सर्व मनाने काढून घेत गेलो तर शेवटी ज्याला कोणतेही वर्णन लागू पडत नाही असे नुसते उपादान, म्हणजे वस्तू ज्याची घडते तो कच्चा माल, उरेल, आणि तेच ऊसिया ठरेल. हा निष्कर्ष त्याला अशक्य वाटतो, कारण स्वतंत्रपणे वेगळे असणे आणि ‘हे अमुक’ म्हणून दाखवता येणे या दोन गोष्टी ऊसियाच्या ठिकाणी असल्याच पाहिजेत, असे त्याचे म्हणणे आहे. आपल्या पाठ्यपुस्तकाने जो अर्थ ॲरिस्टॉटलच्या तोंडी घातला आहे, तो असा त्याने स्वतः तपासून अपुरा ठरवलेला आहे.

आता लॅटिनकडे वळू. ‘ऊसिया’ला अवयवशः जुळणारा लॅटिन शब्द बनवणे अवघड नव्हते. ‘एस्से’ म्हणजे असणे, त्यावरून ‘एस्सेन्तिया’. आणि तो बनवलाही गेला. इ.स. ६५ मध्ये मरण पावलेल्या रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने आपला मित्र लुसिलियस याला लिहिलेल्या ५८व्या पत्रात हा शब्द वापरण्यापूर्वी त्याच्याकडे अक्षरशः परवानगी मागितली आहे, आणि शब्दाला वजन यावे म्हणून सिसरोचा हवाला दिला आहे. सिसरोच्या आज उपलब्ध असलेल्या लेखनात मात्र हा शब्द सापडत नाही. लॅटिन भाषेच्या गरिबीविषयीची सेनेकाची तक्रार याच पत्रात आहे आणि ती वाचताना, परभाषेतील एखाद्या नेमक्या संज्ञेसाठी मराठी शब्द शोधत बसलेल्या प्रत्येकाला त्याच्याविषयी जवळीक वाटेल. त्यानंतर काही दशकांनी वक्तृत्वाचा रोमन शिक्षक क्विंटिलियन याने ॲरिस्टॉटलच्या दहा पदार्थांची (म्हणजे ‘कॅटेगरीज’ची) यादी देताना ‘ऊसिया’ला ‘एस्सेन्तिया’ हाच प्रतिशब्द सांगितला, दुसरे लॅटिन नाव त्याला नाही असेही म्हटले, पण असे नवे शब्द कानाला कठोर लागतात याची नोंदही त्याने केली.

सेनेकाच्या त्याच पत्रात ‘सब्स्टन्स’चे लॅटिन मूळ असलेला आपला ‘सुब्स्तान्तिया’ हा शब्दही भेटतो. सेन्टॉर, राक्षस अशा ज्या गोष्टी मनात येतात पण ज्यांना ‘सुब्स्तान्तिया’ नसते, त्यांनाही स्टोइक या ग्रीक तत्त्वज्ञान-पंथाचे लोक ‘काहीतरी’ या वर्गात धरतात, असे तो सांगतो. येथे ‘गुणांचा आधार’ असा अर्थ अजिबात नाही. ‘वास्तवात असणे, नुसते भासणे नव्हे’ एवढाच अर्थ आहे. ‘सुब’ आणि ‘स्तारे’ हे दोन अवयव ज्या ग्रीक शब्दाशी तंतोतंत जुळतात तो शब्दही ‘ऊसिया’ नाही. तो आहे ‘हुपोस्तासिस’ (‘हुपो’ म्हणजे खाली, ‘स्तासिस’ म्हणजे उभे राहणे).

मग ‘हुपोस्तासिस’ला जुळणारा शब्द ‘ऊसिया’च्या जागी कसा जाऊन बसला? माझ्या मते याला तीन गोष्टी कारण झाल्या. पहिली म्हणजे स्टोइकांची शिकवण, जी रोममध्ये ॲरिस्टॉटलपेक्षा कितीतरी अधिक परिचयाची होती. स्टोइकांच्या मते ऊसिया म्हणजे सर्व वस्तूंच्या मुळाशी असलेले गुणरहित उपादान, त्यामुळे त्यांच्यापुरता ‘खाली असलेले’ हा अर्थ चुकीचा नव्हता. दुसरी गोष्ट अशी की, खुद्द ग्रीकमध्ये ‘ऊसिया’ आणि ‘हुपोस्तासिस’ हे शब्द पुढे एकमेकांच्या जागी वापरले जाऊ लागले होते. इ.स. ३२५ च्या निकिया येथील ख्रिस्ती धर्मसभेच्या निषेधवचनात ‘निराळ्या हुपोस्तासिसपासून किंवा ऊसियापासून’ असा शब्दप्रयोग आहे आणि तिथे दोहोंत भेद केलेला दिसत नाही. तिसरे कारण साधे आहे: ‘सुब्स्तान्तिया’ लोकांच्या तोंडी रुळला आणि ‘एस्सेन्तिया’ दीर्घकाळ घडवलेला, ओढूनताणून आणलेला शब्द वाटत राहिला.

यावर शिक्कामोर्तब केले ते रोमन तत्त्वज्ञ बोएथियसने. सहाव्या शतकाच्या आरंभी त्याने ‘कॅटेगरीज’चा लॅटिन अनुवाद केला आणि त्यात ‘ऊसिया’साठी ‘सुब्स्तान्तिया’ हा शब्द ठेवला. विशेष म्हणजे त्याला नेमका मेळ ठाऊक होता. ख्रिस्ताच्या दोन स्वभावांविषयीच्या आपल्या लहानशा ग्रंथात त्याने ‘ऊसिया’ म्हणजे ‘एस्सेन्तिया’ आणि ‘हुपोस्तासिस’ म्हणजे ‘सुब्स्तान्तिया’ अशी जुळणी स्पष्टपणे मांडली आहे. तरीही अनुवाद करताना त्याने रूढ शब्द सोडला नाही. अनुवादकाची ही अडचण मी समजू शकतो, पण तिचे परिणाम मोठे झाले, कारण पश्चिम युरोपातील विद्यार्थी पुढची अनेक शतके ॲरिस्टॉटलचे तर्कशास्त्र बोएथियसच्या शब्दांतूनच शिकले. ग्रीक न येणाऱ्या त्या विद्यार्थ्याला ‘सुब्स्तान्तिया’ या शब्दात ‘खाली’ आणि ‘उभे’ हे दोन्ही ऐकू येत होते, ‘असणे’ मात्र ऐकू येत नव्हते.

याचा सर्वांत बोलका पुरावा इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या मानवी आकलनाविषयीच्या १६९० च्या ‘एसे’मध्ये मिळतो. गुण आपल्याला कळतात, पण त्यांना तोलून धरणारे जे ‘सब्स्टन्स’ म्हणतात ते काय आहे हे विचारले तर, ‘काहीतरी, काय ते ठाऊक नाही’, एवढेच उत्तर देता येते, असा त्याचा आक्षेप आहे. पृथ्वी हत्तीवर, हत्ती कासवावर, आणि कासव कशावर तर ते सांगता येत नाही, हा दृष्टान्त तो येथेच देतो आणि तो भारतीय माणसाच्या तोंडी घालतो. हे सारे मांडताना तो थेट व्युत्पत्तीचा आधार घेतो: शब्दाचा खरा अर्थ पाहिला तर तो ‘खाली उभे राहणे’ किंवा ‘तोलून धरणे’ असाच आहे, आणि साध्या भाषेत ‘खालून टेकू देणे’ असे म्हटले असते तर या सिद्धान्तातील पोकळपणा लगेच दिसला असता, असे तो म्हणतो. लॉकचा युक्तिवाद मला आजही जोरकस वाटतो. पण तो लॅटिन शब्दाविरुद्धचा युक्तिवाद आहे. ‘हा अमुक घोडा’ म्हणजे ऊसिया, असे म्हणणाऱ्याला तो लागत नाही, कारण घोडा काय आहे ते आपल्याला ठाऊक असते.

दुसरीकडे देकार्त आणि स्पिनोझा यांनी याच शब्दातील ‘खाली’ सोडून दिले आणि ‘उभे’ तेवढे ठेवले. देकार्तने १६४४ मध्ये, ज्याला असण्यासाठी दुसऱ्या कशाची गरज लागत नाही ते ‘सब्स्टन्स’, अशी व्याख्या केली. स्पिनोझाने, जे स्वतःत आहे आणि ज्याची कल्पना स्वतःवरूनच करता येते ते, असे म्हटले. या व्याख्यांत आधार देण्याचा उल्लेखही नाही, स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा आहे. थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकातच या दोन छटा वेगळ्या करून दाखवल्या होत्या. तेव्हा पाठ्यपुस्तकातील वाक्य, ‘लॅटिन परंपरेत या संज्ञेला आधाराचा अर्थ चिकटला आणि तो ॲरिस्टॉटलवर मागाहून लादला गेला’, असे दुरुस्त करून वाचावे.

राहिला मराठी प्रतिशब्द. वैशेषिक या भारतीय दर्शनाच्या सूत्रांत ‘क्रियागुणवत् समवायिकारणमिति द्रव्यलक्षणम्’ असे लक्षण आहे. ज्याच्या ठायी क्रिया आणि गुण राहतात आणि जे समवायिकारण (ज्यात कार्य अविभाज्यपणे राहते असे कारण) असते ते द्रव्य. गुणांचा आश्रय हा अर्थ येथे मुळातच आहे, म्हणून बोएथियसपासून लॉकपर्यंतच्या ‘सब्स्टन्स’ला ‘द्रव्य’ हा शब्द अतिशय चांगला शोभतो. ‘ऊसिया’साठी मात्र मी तो सरसकट वापरणार नाही. ‘सत्ता’ हा शब्द घडणीने सर्वांत जवळचा खरा, पण वैशेषिकांकडे तो सर्वांत व्यापक सामान्याचे (सर्व वस्तूंत समान असलेल्या धर्माचे) नाव आहे आणि आजच्या मराठीत त्याचा पहिला अर्थ राज्यकर्त्यांकडे जातो. त्यामुळे ॲरिस्टॉटलविषयी लिहिताना ‘ऊसिया’ हाच शब्द देवनागरीत ठेवावा आणि एकदा नीट उलगडून सांगावा, असे मला वाटते. ‘एस्सेन्तिया’वरून आलेल्या ‘एसेन्स’साठी ‘सारतत्त्व’ रूढ आहे. ‘सत्त्व’ हा त्याहून नेमका झाला असता, कारण ‘सत्’ला ‘त्व’ लागणे म्हणजे ‘एस्सेन्तिया’चीच घडण, पण सत्त्व, रज, तम या त्रयीत तो आधीच गुंतला आहे.

प्रश्न : मी अनेक वर्षे संस्कृत शिकवले. ग्रीक ‘हुपोस्तासिस’ हा शब्द आणि आपला ‘उपस्थिति’ हा एकच, असे एका व्याख्यानात ऐकले. हे खरे आहे, की नुसते ध्वनिसाम्य आहे?

उत्तर : अवयवांपुरते हे पूर्ण खरे आहे. ‘हुपो’ आणि ‘उप’ एकाच मूळ अव्ययापासून आले आहेत, आणि ‘स्तासिस’ व ‘स्थिति’ ही दोन्ही नामे ‘स्था’ या अर्थाच्या एकाच धातूला एकच प्रत्यय लागून बनली आहेत. लॅटिन ‘स्तारे’ही याच धातूचा. तथापि ग्रीकांनी हा शब्द आपल्याकडून घेतला किंवा आपण त्यांच्याकडून, असा अर्थ यातून काढू नये. दोन्ही भाषांनी वारशाने मिळालेले अवयव आपापल्या ठिकाणी जोडले. जोडताना ‘उप’चा अर्थ संस्कृतात ‘जवळ’ असा राहिला, म्हणून ‘उपस्थिति’ म्हणजे जवळ असणे, हजर असणे. ग्रीकमध्ये तो ‘खाली’ असा झाला, म्हणून ‘हुपोस्तासिस’ म्हणजे खाली बसणे, खाली बसलेली गोष्ट.

हा दुसरा अर्थ अगदी भौतिक होता. हिपोक्रेटिसच्या परंपरेतील वैद्यकीय ग्रंथांत मूत्राच्या तळाशी बसणाऱ्या साक्याला ‘हुपोस्तासिस’ म्हटले आहे. ढवळलेले पाणी निवळल्यावर जे खरोखर हाताला लागते ते, या अनुभवातून ‘भास नव्हे, वास्तव’ हा अर्थ पुढे आला असावा असे मला वाटते. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या, पण त्याच्या नसलेल्या, ‘विश्वाविषयी’ या ग्रंथात आकाशातील दृश्यांची विभागणी नुसती दिसणारी आणि ‘हुपोस्तासिस’ असणारी अशी केली आहे. इंद्रधनुष्य पहिल्या वर्गात पडते.

चौथ्या शतकात या शब्दाने ख्रिस्ती जगात मोठा घोटाळा केला. ईश्वर एक ‘ऊसिया’ आणि तीन ‘हुपोस्तासिस’ आहे, असे सूत्र ग्रीक धर्मपंडितांनी स्थिर केले, तर लॅटिन बाजूला ख्रिस्ती लेखक तेर्तुलियनच्या काळापासून एक ‘सुब्स्तान्तिया’ आणि तीन ‘पेर्सोना’ (व्यक्ती) असे म्हणण्याची पद्धत होती. लॅटिन माणसाने ग्रीक सूत्राचा अवयवशः अनुवाद केला की ‘तीन सुब्स्तान्तिया’ असे होई, म्हणजे त्याच्या कानाला तीन देव ऐकू येत. ऑगस्टीनने ‘त्रैक्याविषयी’ या ग्रंथाच्या पाचव्या भागात, ‘ऊसिया’ आणि ‘हुपोस्तासिस’ यांत ग्रीक लोक कोणता भेद करू पाहतात हे आपल्याला कळत नाही, असे प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. वरील पहिल्या प्रश्नातील अदलाबदल समजून घेतली म्हणजे एवढ्या मोठ्या विचारवंताला हे का कळू नये, याचा उलगडा होतो.

प्रश्न : ‘द्रव्य’ म्हणजे पैसाही. तत्त्वज्ञानातील द्रव्याशी या अर्थाचा काही संबंध आहे का? आणि हा शब्द ‘द्रव’पासून, म्हणजे वाहण्यापासून आला आहे का?

उत्तर : आधी दुसरा भाग घेतो. ‘द्रु’ म्हणजे धावणे, वाहणे, या धातूशी ‘द्रव्य’ जोडण्याची प्रथा जुनी आहे, आणि पतंजलीच्या महाभाष्यातील ‘गुणसन्द्रावो द्रव्यम्’ या वचनातही तोच ध्वनी आहे. पाणिनीने मात्र ‘द्रव्यं च भव्ये’ (५.३.१०४) या सूत्रात हा शब्द ‘द्रु’ म्हणजे झाड, लाकूड, या नामावरून साधला आहे. ज्यापासून हवे ते घडवता येते अशा लाकडासारखे, म्हणून योग्य, होतकरू, असा अर्थ तेथे आहे. मला ही व्युत्पत्ती फार मोलाची वाटते, कारण ॲरिस्टॉटलने उपादानासाठी निवडलेला ‘हुले’ हा शब्द मुळात रान आणि लाकूड या अर्थाचा, आणि त्याचा लॅटिन प्रतिशब्द ‘मातेरिया’ हाही मुळात इमारती लाकडाचाच. सुताराच्या हातातील ओंडका पाहूनच तिन्ही भाषांनी हा विचार केला.

संपत्तीच्या अर्थाबाबत म्हणाल तर, तोही एकट्या ‘द्रव्य’चा नाही. ‘ऊसिया’ म्हणजे मालमत्ता हे वर आलेच आहे, आणि लॅटिन ‘सुब्स्तान्तिया’लाही तोच व्यवहारातील अर्थ होता. माणसाजवळ जे खरोखर आहे, ज्याच्यावर त्याचा संसार उभा राहतो, ते त्याचे ‘असणे’, या एकाच जाणिवेतून हे झाले असावे. लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायात धाकटा मुलगा बापाकडे आपला वाटा मागतो आणि दूर देशी जाऊन तो उधळून टाकतो. मूळ ग्रीकमध्ये त्याने मागितली आणि उधळली ती ‘ऊसिया’. जेरोमच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लॅटिन अनुवादात ती दोन्ही ठिकाणी ‘सुब्स्तान्तिया’ आहे. तत्त्वज्ञांनी ज्या जोडीवर इतकी शतके वाद घातला, ती जोडी या गोष्टीत मात्र कोणत्याही ओढाताणीशिवाय बिनचूक जुळली आहे.